जिवंत अभिनय

"मनगट असं धर, की मागं उभ्या माणसापर्यंतही कळ पोचली पाहिजे," ऋजुता तालमीत कौस्तुभला सांगायची.

कॉलेजच्या जागृती सप्ताहासाठी तिने बसवलेल्या पथनाट्यात कौस्तुभ छळणारा प्रियकर होता आणि नभा त्याची प्रेयसी. दोघांचं नाटकाबाहेरही जमलेलं, त्यामुळे आपली निम्मी मेहनत वाचली, असं ऋजुताला वाटलं होतं.

भर पटांगणात प्रयोग झाला. प्राचार्य म्हणाले, "वा, अभिनय कसा जिवंत!" टाळ्यांच्या गजरात सगळे नमस्काराला वाकले, तरी नभाचं मनगट कौस्तुभच्याच मुठीत होतं. ऋजुताचं हसू तिथेच विरलं.

तिने नभाला पाण्याच्या टाकीमागे नेलं.

"अगं, इतकं जोरात धरतो? सांगायचंस की मला!"

"छे गं," बाही खाली ओढत नभा म्हणाली, "नाटकात तो हळूच धरतो."