कोपऱ्यापर्यंत स्पष्ट

रात्रीच्या आकाशासाठी वाइड लेन्स निवडताना नवऱ्याने चार लेन्स दुकानात परत केल्या. तक्रार एकच. फोटोच्या कोपऱ्यातले तारे ठिपके न राहता पसरतात, त्यांना पंख फुटतात. दुकानदाराने त्याला पाहून शटर ओढायचंच बाकी ठेवलं होतं. पाचवी मात्र पसंत पडली, आणि तिच्यातून काढलेला डोंगर-ताऱ्यांचा फोटो फोटोग्राफी क्लबच्या प्रदर्शनात भिंतभर लागला.

जाणकार मंडळी चष्मे कपाळावर चढवून चारही कोपऱ्यांना नाक लावून उभी राहिली.

"काय कोपरे आहेत," अध्यक्ष म्हणाले. "डोळ्यांचं पारणं फिटलं."

त्याची बायको मागे उभी होती. "मधोमध कोण आहे, ते पाहिलं का कोणी?"

सगळे दोन पावलं मागे सरकले. फोटोच्या ऐन मध्यावर, खडकाशेजारी, नखाएवढी ती उभी होती. हातात चहाचा थर्मास, नजर कॅमेऱ्याकडे. नवऱ्याचं लक्ष जायची वाट बघत इतकी स्तब्ध की कॅमेऱ्याचं शटर उघडं असेपर्यंत जरासुद्धा हललेली नव्हती.

नवऱ्याने पुढे होऊन फोटोच्या मध्यावर बोट ठेवलं.

"अगं, मग जरा कोपऱ्यात उभं राहायचं ना," तो म्हणाला. "लगेच दिसली असतीस."