पोडिहामीची पाकिटं

१९६१ साल. श्रीलंकेच्या दक्षिणेला, मातरजवळच्या सिंहली खेड्यातले पोस्टमास्तर अरुळंबलम यांना सरकारी हुकूम आला: सिंहलीची परीक्षा द्या, नाहीतर नोकरी सोडा. मास्तर तमिळ, पण वीस वर्षं गावाची सिंहली पत्रं तेच लिहीत आले होते.

"द्या की परीक्षा, झोपेतसुद्धा पास व्हाल!" त्यांची बायको तैयलनायकी म्हणाली.

"प्रेमाने मागितलं असतं तर दिली असती. धमकीला नाही देणार," म्हणत मास्तरांनी बिऱ्हाड उत्तरेला, तमिळांच्या जाफन्याला हलवायचं ठरवलं.

शेजारची निरक्षर पोडिहामी दह्याचं मडकं घेऊन रडत आली. "माझ्या लेकाची पत्रं आता कोण वाचणार, मास्तर?"

"न फोडता मला पाठव. लेकाला उत्तर परस्पर लिहीन, तुझं बोलणं पाठ आहे मला. सगळं ठीक असलं, की तुला कार्डावर फूल काढून धाडीन."

फुलं जात राहिली. गावात शिकलेले पुष्कळ झाले, तरी पोडिहामीचा भरवसा जाफन्यावरच. मास्तर वारल्यावर त्यांच्याकडून सिंहली शिकलेली तैयलनायकी पत्रं वाचू लागली.

१९८५ साली आलेलं पाकीट पोडिहामीच्या नातवाचं होतं. तो फौजेत गेला होता, आणि त्याची छावणी तैयलनायकीच्या घरापासून दोन मैलांवर होती. "आजी, इथे सगळे आपले वैरी. मला फार भीती वाटते."

तैयलनायकीचा स्वतःचा धाकटा मुलगा त्याच महिन्यात, त्याच फौजेशी लढायला, तमिळ बंडखोरांबरोबर बंदूक घेऊन रानात गेला होता.



तिने डोळे पुसले, कार्ड पुढे ओढलं आणि नेहमीपेक्षा मोठं फूल काढलं.