चेंडू कुठाय?

"निळी रिबीन किती खुलून दिसतेय हिला!" टीव्हीवरचा समालोचक म्हणाला आणि पलंगावर बसलेले बाबा खवळले.

"अरे बाबा, रिबीन राहू दे. चेंडू कुठाय?"

बाबांची नजर जाऊन बरीच वर्षं झाली होती. फुटबॉलची मॅच ते कानांनी बघायचे. कालच याच समालोचकानं मुलांची मॅच अशी सांगितली होती, की चेंडूची शिवण न् शिवण दिसावी. कोण कुठून घुसला, कोणत्या पायानं मारला, गोलकीपर कुठे फसला, सगळं. आज मुलींची फायनल होती. गोलमध्ये उभी होती त्यांची स्वतःची लेक, चिमी. आणि हा पठ्ठ्या वेणी, डोळे आणि नाजूक हात यांच्यापुढे सरकेना.

मैदानात एकच गलका झाला.

"काय झालं? गेला का?"

"आणि काय गोड लाजली बघा!" समालोचक म्हणाला.

"गोल खाऊन लाजली का अडवून लाजली, मेल्या?"

"अडवला," शिलाई मशीनवरून आई म्हणाली. "आणि लाजलीबिजली काही नाही. तोंडातला चिखल थुंकली."

मॅच बरोबरीत सुटली. मग पेनल्ट्या आल्या. शेवटची अडवली की कप आपला. आईनं मशीन थांबवलं, उठली आणि टीव्हीचा आवाजच बंद केला.

"अगं, काय करतेस! तुला काय कळतं त्यातलं?"

"इतकी वर्षं तिच्या सरावाला मैदानाच्या कडेला बसून शर्टांची काजं केली, ती काय डोळे मिटून? ऐका आता."

बाबांनी तिच्याकडे कान वळवला.

"गुडघे वाकवलेत. हात पसरलेत. जागची हलत नाहीये. समोरची एका कोपऱ्याकडे बघतेय, पण पाय तिचा दुसरीकडे वळलाय."

"चिमीला दिसलं का ते?"

"न दिसायला काय झालं? लेक कुणाची आहे! थांबा... धावली. मारला!"

शेजारच्या घरांतून "अडवला! अडवला!" अशा आरोळ्या उठल्या. बाबांनी हात झटकला.

"ते कळलं! कसा अडवला ते सांग!"

"आडवी झेपावली हो," आई म्हणाली. "अख्खीच्या अख्खी आडवी. बोटांच्या टोकांनी ढकलला. खांबाला लागून बाहेर गेला. आता उठलीय. मुठी आवळून ओरडतेय. गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्यात."

बाबांचा ऊर अभिमानानं भरून आला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. लेक त्यांना लख्ख दिसत होती.

"आणि ती रिबीन?" जरा वेळानं त्यांनी मिश्कीलपणे विचारलं.

"चिखलात पडलीय," आई म्हणाली. "पोरींनी नाचता नाचता तुडवलीसुद्धा."