ठिपका कुठे द्यायचा

कल्पना करा, तुमचा लाडका मामा घरी राहायला आलाय आणि त्याचा कप ओळखू यावा म्हणून आईने त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. या गोष्टीतल्या मुलीच्या घरी अगदी असंच झालं होतं.

मामाला हिपॅटायटिस सी होता. यकृताला सूज आणणारा आजार. गोळ्या सुरू होत्या, गुणही येत होता. डॉक्टरांनी आईला सगळं नीट समजावलं होतं, पण ‘संसर्ग’ हा शब्द ऐकल्यावर पुढचं काही तिच्या कानात शिरलंच नाही. मामाचं ताट वेगळं, खुर्ची पार खिडकीपाशी. तो शिंकला की आई पंखा बंद करायची.

मामा हसण्यावारी न्यायचा. ‘ताई, माझ्यापेक्षा माझा कपच जास्त नटलाय,’ म्हणायचा. पण आज त्याची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. उपचारांचे उरलेले दिवस कुठेतरी खोली घेऊन राहतो, तुझा जीव तरी टांगणीला लागणार नाही, असं त्याने आईला सांगितलं होतं. मुलगी सकाळपासून फुरंगटून बसली होती.

तिची समजूत काढायला आई म्हणाली, ये, नखं कापून देते, मांजरासारखी वाढलीत. खिडकीत मामाचं नेलकटर होतं. त्याने नुकतीच नखं कापली होती. धार चांगली म्हणून आईने तेच उचललं आणि मुलीचं बोट धरलं.

‘ताई, ते नको.’ मामाने नेलकटर काढूनच घेतलं. त्याचा चढलेला आवाज घरात पहिल्यांदाच ऐकू आला.

मग तो हळू बोलला. ‘हा आजार रक्तातून रक्तात जातो. कपातून नाही, शिंकेतून नाही, जवळ बसल्यानेही नाही. पण नख कापताना जरासं लागलं, तर यावर न दिसणारं रक्त राहू शकतं. माझं हे, माझा ब्रश, माझं दाढीचं ब्लेड कुणी वापरायचं नाही.’

आईने कपाकडे पाहिलं, नेलकटरकडे पाहिलं. ‘म्हणजे मी पहारा भलत्याच दारावर ठेवला होता,’ ती पुटपुटली.

मुलगी उठली. तिने नेलकटरवर चांगला मोठा लाल ठिपका दिला. दाराशी ठेवलेली पिशवी पायाने आत ढकलली. मग मांजरासारख्या नखांनी कपावरचा ठिपका खरवडून काढला, कप घरातल्या बाकीच्या कपांत मिसळून टाकला आणि म्हणाली, ‘आई, आता चहा कर. आणि मामाचा कप कोणता, ते ओळखून दाखव.’