अर्धा स्पंज

बाबांशी भांडून वेगळी राहायला गेलेल्या मुलीने खोलीत माशांची छोटी टाकी मांडली. मासे नव्हतेच; नुसत्या पाण्यात ती रोज चिमूटभर खाणं टाकायची.

"रिकाम्या टाकीला कसलं जेवण?" भेटायला आलेल्या आईने विचारलं.

"आधी फिल्टरच्या स्पंजमध्ये चांगले जंतू वाढायला हवेत, तरच मासे जगतात. बाबांच्या टाकीतला जुना स्पंज मिळाला तर लवकर होईल. पण त्यांच्याकडे मी मागणार नाही."

"म्हणे चांगले जंतू! त्यापेक्षा घरी चल." आणि मुलगी चहा करेपर्यंत आईने स्पंज साबणाने लख्ख धुऊन काढला.

सगळी मेहनत नळाखाली वाहून गेली. मुलीने कपाळावर हात मारला, नवा स्पंज बसवला आणि पुन्हा चिमूटभर खाणं टाकलं.

पुढच्या खेपेला आईने पिशवीतून डबा काढला. आत पाण्यात बुडवलेला, कात्रीने कापलेला अर्धा स्पंज होता. काळाकुट्ट.

"मागायचा नाही म्हटलं होतं ना?"

"मी कुठे मागितला? त्यांनीच कापून दिला. म्हणाले, ती काही परत येत नाही. तिच्याकडचे मासे तरी जगू देत."