उभं राहण्याची वेळ

"पडल्या होत्या का?" हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं.

"पडतील कशा?" नणंद म्हणाली. तिच्या कडेवर भावाचं बाळ होतं. "वहिनीनं आईचा पाय जमिनीला लागू दिला नाही, डॉक्टर. जेवण पलंगावर, आंघोळ पलंगावर. महाराणीचेही एवढे लाड झाले नसतील. आज सकाळी कपडे बदलताना नुसतं कुशीवर वळवलं, तर मांडीत कट्कन वाजलं."

सून स्ट्रेचरची दांडी धरून उभी होती. स्ट्रेचरवर सासूबाई. अर्धांगवायूनं डावं अंग गेलं होतं, तोंड एका बाजूला ओघळलं होतं. डोळे मात्र पहिल्यासारखेच चौकस.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाच्या काचेवर लावला. "हा चांगला पाय. आणि हा लुळा."

एक हाड पांढरं, भरीव. दुसऱ्याच्या फक्त कडा दिसत होत्या. आत धुऊन धुऊन विरलेल्या फडक्यासारखं काहीतरी, आणि त्यात एक तिरकी काळी रेघ.

"पाय हलला नाही, त्यावर भार पडला नाही, की हाड झिजत जातं. घरी उभं करत होतात ना यांना? दवाखान्यातून सोडताना सांगितलं असेल."

सांगितलं होतं. व्यायामाच्या बाईंनी सुनेकडून करूनही घेतलं होतं. कमरेला पट्टा बांधायचा, गुडघ्याला गुडघा टेकवायचा, आणि दोन्ही पायांवर भार येईल असं उभं करायचं. रोज दुपारी. सुरुवातीला तिनं केलंही. मग एकदा सासूबाईंचा सगळा भार तिच्यावर आला आणि उभ्या उभ्या लघवी झाली, दोघींच्या पावलांवर. त्यानंतर दुपार झाली की सासूबाई पट्ट्याकडे बघायच्या. ती "उद्या हं, आई" म्हणायची आणि उशी सारखी करायची.

सांगायला तिनं तोंड उघडलं.

"करायची," सासूबाई म्हणाल्या. शब्द जड होते, पण कळण्यासारखे. "रोज... उभी करायची."

"अगं बाई! आणि मला पत्ता नाही," नणंद म्हणाली. "आमची वहिनी अशीच. केलेलं कधी बोलून दाखवणार नाही."

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "उभं करूनही असं? मग दुसरं काहीतरी असणार. कमरेच्या हाडात सुई घालून नमुना काढावा लागेल. दुखेल हं, आजी."

सासूबाईंनी मान हलवली. चालेल.

"नाही," सून म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की डॉक्टर पुढे वाकले. "सुई नका घालू. मी नाही उभं केलं त्यांना. कितीतरी महिने."

बाळाच्या पाठीवर थोपटणारा नणंदेचा हात थांबला. डॉक्टरांनी कागदावरची एक ओळ खोडली.

"म्हणजे? आई नुसती पडून होती? आणि आम्ही येता-जाता तुझं कौतुक..."

सासूबाईंनी चांगला हात उचलला आणि लेकीला गप्प केलं.

"बाळ रडायचं," त्या म्हणाल्या. श्वास घेतला. "दुपारी. फार रडायचं."

नणंदेचा चेहरा सैलावला. "खरंय गं. एकट्या बाईनं कुठं कुठं बघायचं?" तिनं बाळाच्या गालाला चिमटा काढला. "काय रे लबाडा, आजीला उभं राहू देत नव्हतास होय?"

डॉक्टरसुद्धा जरासे हसले.

सुनेला मान वर करता येईना. दुपारी बाळ गाढ झोपलेलं असायचं. ती त्याच्या शेजारी आडवी व्हायची, सासूबाईंच्या खोलीकडे पाठ करून. मधलं दार उघडंच असायचं.