ओव्हनमधला डबा

सकाळपासून साच्यातून निघणाऱ्या, मणक्यात बसवायच्या प्रत्येक चकतीवर चंदेरी रेघा उमटत होत्या. म्हणजे प्लास्टिकच्या दाण्यांना कुठूनतरी ओल लागत होती. हे भारीतलं प्लास्टिक साच्यात जाण्याआधी चार तास ओव्हनमध्ये कोरडं करावं लागतं. सुपरवायझर मिनलने ओव्हन उघडला, तर दाण्यांच्या ट्रेशेजारी स्टीलचा डबा. झाकणाच्या फटीतून वरणाची वाफ निघत होती.

“कोणाचा आहे हा?”

“माहा हाय, मॅडम,” मशीनवरचे देवाजीकाका पुढे आले. “सुटी झाली का इथूनच धंतोलीले जातो, दवाखान्यात. बायकोले थंडं जेवन जात नाही.”

“काका, या वाफेनं दाणे ओले होतात! अशी चकती आतून कच्ची राहते. उद्या कोणाच्या मणक्यात मोडली म्हणजे?”

काकांनी खराब मालातली एक चकती उचलली आणि उजेडात धरून बराच वेळ पाहिली.

“उद्याच हाय आपरेशन तिचं,” ते म्हणाले. “मणक्यात अशीच चकती बसवून राहिले.”

मग त्यांनी फडक्यात धरून डबा बाहेर काढला आणि ओव्हनचं दार घट्ट लावलं.

“आज थंडंच चारतो तिले.”